मान न वळवता

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यावर, माडीच्या खोलीत
मी चार स्क्रीन मांडले होते,
देवघरात टाक मांडावेत तसे, मानानुसार.
खाली बर्फाच्या लाद्या फुटायच्या,
वर माझे आकडे.

पहिल्यावर बातम्या. टाय घातलेली माणसं,
आवाज बंद असूनही ओरडणारी.
दुसऱ्यावर साठ शेअर, लाल-हिरवे,
जत्रेतल्या दिव्यांसारखे लुकलुकणारे.
तिसऱ्यावर एकच आलेख आणि त्याच्यावर सात रेघा,
इतक्या, की खालचा भाव दिसेना.
चौथ्यावर फक्त माझा नफा-तोटा,
दर सेकंदाला बदलणारा,
तापलेल्या पोराच्या काखेतून
थर्मामीटर काढूच नये, तसा.

शिमग्याच्या आधीच्या बुधवारी
ऑर्डरची खिडकी बातम्यांच्या खिडकीखाली गेली.
वाटलं, बटण दाबलंच नाही.
पुन्हा दाबलं.
होते तेवढे विकले, आणि नव्हते तेही.
एकेचाळीस हजार.
खाली कुणीतरी लादी फोडत होतं, नेहमीसारखी.

त्याच आठवड्यात बर्फाचा हिशेब घेऊन
बायजी चोगले जिना चढून आली,
पस्तीस वर्षं बंदरावर लिलाव पुकारणारी.
उंबऱ्यातच थांबली.
“येवढ्या काचा? आन् घेताना डोला कुठं ठेवतोस?”
मला सांगता येईना.

संध्याकाळी बंदरावर गेलो.
तिच्यापुढे एकच वाटा उघडा.
बाकीच्या टोपल्यांवर ओलं गोणपाट.
सुरमईची बोली संपेपर्यंत
पापलेट कुणाच्या नजरेला पडत नाही.
इतकी वर्षं मला वाटायचं, माशा बसू नयेत म्हणून.

मग खलील तांडेलाच्या केबिनमध्ये डोकावलो.
होकायंत्र नाकासमोर.
मासे दाखवणारं यंत्र डावीकडे, जरा खाली.
वायरलेस डोक्यावर; कानाचं काम कानाला.
पोरीचा फोटो पाठीमागे.
“समोर लावला तर परत फिरावंसं वाटतं,” म्हणाला,
“आणि ज्याच्यावाचून बोट फुटेल,
ते मान वळवून बघायच्या जागी नसावं.”

रात्री पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.
खाऱ्या हवेनं खोबणी हिरव्या पडलेल्या,
वायर उपटताना दाढ काढल्यासारखा आवाज.
चौथा आधी काढला.
भिंतीवर त्याचा चौकोन उरला, भिंतीपेक्षा पांढरा.
त्याच्याकडे मी अजून दिवसातून दहादा बघतो.
बातम्या फोनवर, फोन खोलीच्या पार पलीकडे, तांदळाच्या डब्यावर:
बघायचं तर उठावं लागतं,
आणि उठताना गुडघा विचारतो, खरंच?
साठाचे आठ केले. बावन्न नावं पुसताना
एका बँकेचं वाईट वाटलं,
तिच्या पैशांवर घरात फ्रीज आला होता.
सात रेघांच्या दोन.
लाल-हिरवं घालवून राखाडी, ओहोटीच्या वाळूसारखं.
ऑर्डरची खिडकी बरोबर मधोमध,
तिच्यावर काही चढणार नाही अशी खिळवून.
काठाला चिठ्ठी लावली: चुकलो तर बाहेर कुठे?
दमट हवेत शाई पसरली.
‘कुठे’ आता नीट वाचता येत नाही.

म्हणून मी आता जिंकतोच असं काही नाही.
मंगळवारी हरलो.
पण कशानं हरलो ते बोट ठेवून दाखवता आलं,
आणि ते बोट माझ्याकडेच होतं.

आज सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत
आठांपैकी एकही रेघेपाशी आला नाही.
नुसता बसून राहिलो.
सुवर्णदुर्गाच्या अलीकडे होड्या नांगरलेल्या,
एकीवर कुणी लुंगी वाळत घातलेली.
या खोलीतून समुद्र दिसतो
हे चार वर्षांत माहीत नव्हतं.
तिथे दुसरा स्क्रीन होता.

चारला बंदरावर बायजीनं विचारलं,
“आज काय घेतलंस?”
काही नाही, म्हटलं.
“मंग डोला शाबूत हाय,” ती म्हणाली,
आणि परवाच्या कोलंबीचे
राहिलेले दीडशे मागितले.